डाळ मिल चालते, मग पाकीट का चालत नाही?

प्रश्न : (यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या २९ वर्षांच्या तरुणाचं पत्र. ओळख पटेल असा मजकूर गाळून थोडक्यात देतो आहे.)

घरची सात एकर कोरडवाहू शेती आहे. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात चार वर्षं नोकरी केली, वडील गेल्यावर परत आलो. दीड वर्षापूर्वी अनुदान आणि बँकेचं कर्ज घेऊन मिनी डाळ मिल टाकली. त्याआधी गावातल्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या ६० जणांना विचारलं होतं, 'पॉलिश न केलेली, घरच्या तुरीची शुद्ध डाळ मिळाली तर घ्याल का?' साठच्या साठ हो म्हणाले. मग पुण्याच्या मित्राकडून लोगो करून घेतला, छापील पाकिटं केली, त्यावर 'ऑरगॅनिक' लिहिलं. भाव किराणा दुकानातल्या डाळीपेक्षा किलोमागे ३० रुपये जास्त ठेवला. आज अर्धा आणि एक किलोची ३४० पाकिटं घरात पडून आहेत. महिन्याला ९,५०० रुपये हप्ता आहे. गावातल्या बाया आपापली तूर घेऊन डाळ काढून मागायला येतात. पण असल्या किरकोळ कामात मिल अडकली तर ब्रँड कधी उभा राहणार, म्हणून मी त्यांना परत पाठवतो. वहिनी म्हणते, घेत जा ती तूर. मित्र म्हणतो, माल एक नंबर आहे, मार्केटिंग कमी पडतंय, जाहिरात कर. हाताशी ४० हजार उरलेत. ते जाहिरातीला लावू, की मिल विकून मोकळा होऊ?

उत्तर :

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्या हप्त्याची काळजी वाटली. दुसऱ्या वेळी वहिनींच्या त्या एका वाक्यापाशी थांबलो. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, पण साऱ्या पत्रात मला सगळ्यात कामाचं तेच वाटलं.

आधी मित्राच्या सल्ल्याचं बघू. माल चांगला आहे आणि मार्केटिंग कमी पडतंय, असं तो म्हणतो. म्हणजे माल एकदा घरात तयार झाला की मार्केटिंग सुरू होतं, असं त्याने धरून चाललंय. मी उभा जन्म विक्रीत घालवला आणि तरुणपणी मीही हेच धरून चाललो होतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सुधारित चुली विकायला मी दारव्हा-दिग्रसकडच्या खेड्यांतून हिंडत होतो. धूर कमी, सरपण कमी. चूल पेटवून दाखवली की बाया मान डोलवायच्या, काहींनी पैसे देऊन घेतल्याही. महिन्याभराने परत गेलो तर एका घरी आमची चूल न्हाणीशेजारी पाणी तापवायला ठेवलेली, आणि स्वयंपाक जुन्याच मातीच्या चुलीवर. आजीबाईंना कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "आन् भाकर कुठी शेकाची बाप्पा?" खरंच होतं. नव्या चुलीचं तोंड अरुंद. तव्यावरची ज्वारीची भाकर उतरवून निखाऱ्यांपुढे उभी करावी आणि टम्म फुगू द्यावी, तर निखारे ओढायला समोर जागाच नव्हती. चूल बनवणाऱ्यांनी धूर मोजला होता, लाकूड मोजलं होतं. भाकर कुणी थापून पाहिली नव्हती. मी हे कळल्यावरही काही महिने त्याच चुली विकत राहिलो, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, मार्केटिंगचा मोठा भाग माल तयार होण्याच्या आधीचा असतो. हे दुसऱ्याच्या चुलीपाशी बसून शिकायचं काम आहे. फिलिप कोटलर या अमेरिकी प्राध्यापकाने ते पायऱ्यांत मांडलंय. माणूस वस्तू विकत घेतो तेव्हा मुळात कुठला तरी फायदा घेत असतो, ती पहिली पायरी. मग प्रत्यक्ष वस्तू. मग तिच्याकडून गृहीत धरलेल्या गोष्टी, ज्या असल्याचं कुणी बोलून दाखवत नाही पण नसल्या तर वस्तू परत येते. त्यावर विकणाऱ्याने घातलेली भर. आणि शेवटी, पुढे त्या वस्तूचं काय काय होऊ शकेल ते. तुमच्या पाकिटाला हे लावून बघा. डाळ आहे. खडा नाही, कीड नाही, म्हणजे गृहीत गोष्टीही आहेत. भर म्हणून लोगो आहे. पण पहिल्या पायरीवर काय आहे? तुमच्या गावातल्या कुठल्या घराचा कुठला घोर हे पाकीट कमी करतं?

तुमच्या भागात सोयाबीन नाहीतर कपाशीत तुरीची तासं, म्हणजे ओळी, बहुतेक जण टाकतात. ज्याच्याकडे वावर आहे त्याच्या घरी खायपुरती तूर आहेच. तो एक किलो डाळीचं पाकीट जास्त भावाने कशाला घेईल? आणि ज्याच्याकडे वावर नाही, जो रोजमजुरीवर जगतो, त्याला किलोमागे ३० रुपये जास्त परवडत नाहीत. तो पावशेर-अर्धा किलो डाळ आठवडी बाजारातून आणतो, तीही भाव विचारून. तुमचं पाकीट या दोन घरांच्या मधे अडकलंय. त्याची जाहिरात केली तर गावाला पाकिटाचं नाव कळेल, घेणारं घर मात्र वाढणार नाही.

पण त्या साठ होकारांचं काय, असं तुम्ही विचाराल. भाऊ, आपल्याकडे दारी आलेल्या पोराला तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यातून वडील गेलेलं पोर, पुणं सोडून गावात काहीतरी करू बघतंय. सगळ्यांनी मायेने मान डोलावली. शिवाय, मला वाटतं, तुम्ही बरेचसे पुरुष विचारले असतील, पारावर आणि टपरीवर. डाळ घरात किती लागते, कधी संपते, कुठली लवकर शिजते हे त्यांना कितीसं ठाऊक असतं? आणि 'घ्याल का' हा प्रश्नच फसवा आहे. पुढे काय करू हे माणूस आपल्या चांगल्या मनाने सांगतो, मागे काय केलं हे खरं सांगतो. म्हणून विचारायचं ते असं : गेल्या खेपेला डाळ कधी केली, की विकत आणली? कुणी आणली, किती? त्यात सगळ्यात कंटाळवाणं काय झालं? वाया काय गेलं? आणि ज्याने हो म्हटलं त्याच्याकडून थोडा का होईना इसार घ्या. इसार न दिलेला होकार हिशोबात धरू नका.

आता वहिनींच्या वाक्याकडे येतो. तुम्ही न बोलावता, फलक न लावता, बाया डोक्यावर तूर घेऊन तुमच्या दारात येतात. हातचं काम सोडून, उन्हातून येतात. साठ जणांच्या होकारापेक्षा अशा सहा जणींचं येणं मला मोठं वाटतं. त्या काय मागतात ते नीट ऐका. "माह्या तुरीची मलेच भेटली पाहिजे," असं त्या म्हणत असतील. यात सगळं आलं. आपल्याच वावरातली तूर, तिची चव ठाऊक, तिचं वरण लेकरांच्या तोंडात बसलेलं. ती दुसऱ्याच्या तुरीत मिसळली जाईल ही पहिली भीती. काट्यात मारलं जाईल ही दुसरी. आणि चुरी नि टरफलं मिलवाला ठेवून घेईल ही तिसरी, कारण दावणीच्या ढोरांना तेवढंच खाद्य होतं.

डाळ काढायचं काम किती जिकिरीचं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण त्या बाईच्या बाजूने एकदा मोजा. तूर चाळायची, खडे वेचायचे. मिलमधून एकदा ओरखडून घ्यायची. तेल चोळायचं, पाणी शिंपडून रात्रभर ढीग लावायचा. मग दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरायची, मधून मधून पाय फिरवायचा, ढोरं-कोंबड्या हाकलायच्या, संध्याकाळी गोळा करून झाकायची. मग भरडायची, पाखडायची. यातलं ओरखडणं नि भरडणं तुमच्या मशीनचं, बाकी सगळं तिच्या कमरेचं. आणि हे नेमकं त्या दिवसांत, जेव्हा हरभरा काढायला मजूर मिळत नाही म्हणून तिलाच वावरात जावं लागतं.

तुमचं काम इथे दडलंय. 'तूर आणून द्या, पाच दिवसांनी डाळ घेऊन जा' अशी सेवा द्या. तूर तिच्यासमोर काट्यावर ठेवा, वजन वहीत लिहा, तेच चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्या. दुसरी चिठ्ठी तिच्या पोत्यात जाईल आणि ताडपत्रीवर त्या तुरीसोबत राहील. डाळ, चुरी आणि टरफलं तिन्ही वेगवेगळी बांधून परत द्यायची आणि तिन्हींचं वजन पुन्हा लिहायचं. चांगल्या भरलेल्या तुरीची शंभर किलोला साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. तो आकडा मिलच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा, म्हणजे कमी भरली तर तिला विचारता येईल. विचारू द्या. वस्तू घरी नेऊन पारखता येते, सेवा होताना डोळ्यांपुढेच पारखावी लागते. म्हणून इथे काट्यापाशी कोण उभं आहे याला लोगोपेक्षा जास्त किंमत आहे. तिथे वहिनी असाव्यात असं मला वाटतं.

हिशोब मांडू. तुमचा वर्षाचा हप्ता १,१४,००० रुपये. तेल, वीज, मजुरी वजा जाता किलोमागे ८ रुपये हातात राहतात असं नुसतं उदाहरणादाखल धरा. खरा आकडा तुम्ही काढा. तर हप्ता भागवायला १४,२५० किलो तूर लागेल. एका घराची ५० किलो धरली तर २८५ घरं. एकट्या गावात एवढी घरं मिळणार नाहीत. आजूबाजूची चार-पाच गावं धरावी लागतील, म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी फिरवून तूर गोळा करावी लागेल, म्हणजे डिझेल आलं. तरी फेब्रुवारी ते मे असे १०० दिवस मिळाले तर दिवसाला १४३ किलो होतात, आणि तेवढं मशीनला जड नाही.

जड आहे ते अंगण. तीन दिवस वाळवायचं म्हणजे एका वेळी सव्वाचारशे किलोच्या वर तूर उन्हात, तीही घराघराची वेगळी. अवकाळीचं आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत सगळी आत घ्यायची. त्यात लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून ४० हजारांतला पहिला खर्च चांगल्या ताडपत्र्या, इलेक्ट्रॉनिक काटा आणि पत्र्याचा एक आडोसा यांवर करा. धान्य साठवता येतं, पण मार्चमधला वाया गेलेला एक उन्हाचा दिवस जूनमध्ये वापरता येत नाही. ज्या दिवशी मिल बंद त्या दिवशीची कमाई गेली ती गेली. सेवेच्या धंद्यात हे कायम ध्यानात ठेवावं लागतं.

लगेच २८५ घरांच्या मागे लागू नका. या हंगामात दहा घरं घ्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हायब्रिड मक्याचं बियाणं कसं पसरलं, हे रायन आणि ग्रॉस या दोन अभ्यासकांनी २५९ शेतकऱ्यांना विचारून तपासलं होतं. १९४३ मध्ये ते छापून आलं. बियाण्याची खबर सगळ्यात जास्त जणांना आधी विक्रेत्याकडून लागली होती, पण मन तयार होण्यात सगळ्यात मोठा वाटा शेजाऱ्यांचा होता. आणि ज्यांनी घेतलं त्यांनीही पहिल्या वर्षी सगळ्या रानात न पेरता एका तुकड्यात पेरून पाहिलं. आपल्याकडे नवं वाण असंच वावरातल्या दोन तासांत, दोन ओळींत, पेरून बघतात ना, तसंच. तुमची दहा घरं म्हणजे ती दोन तासं. दोन वेगळ्या गल्ल्यांतली निवडा, एखादं तरी घर बारीक खोड काढणारं असू द्या. त्या घरातली बाई बोलली तर तुमच्या चुका कळतील, आणि तिचं समाधान झालं तर अर्धं गाव येईल. डाळ देऊन आठ दिवस झाले की वहिनींना किंवा आईंना तिच्या घरी पाठवा. 'आवडली का' असं विचारायचं नाही. वरण कसं शिजलं, किती शिट्ट्या लागल्या, ते विचारायचं. तुमच्याकडे बोअरचं पाणी जड असेल तर डाळ शिजायला वेळ लागतो आणि त्याचा दोष मिलवाल्यावर येतो. हे आधी ठाऊक असलं तर भिजवून शिजवायला सांगता येईल.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग ब्रँडचं स्वप्न सोडायचं का? आयुष्यभर दुसऱ्यांचीच डाळ भरडायची का? नाही. ते स्वप्न मला लहान वाटत नाही, आणि तुम्ही परत आलात याचा मला मनापासून आनंद आहे. पण दहा घरी जाल तेव्हा एक गोष्ट पाहा. काढून आणलेल्या डाळीचे वाटे पडतात. एक वर्षाचा घरचा, एक लेकीचा, एक शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोराचा. लेक सुटीत माहेरी आली की जाताना ट्रॅव्हल्सच्या डिकीत पाच-दहा किलो डाळीची थैली असतेच. थैली जुनी, तोंड सुतळीने शिवलेलं. तुमची पुण्याची गिऱ्हाईकं कुठे शोधायची हा प्रश्न इथेच सुटतो. ती तुमच्याच गावची लेकरं आहेत आणि त्यांना घरची डाळ हवीच आहे. त्यांचे आईबाप थकले की ही थैली बंद होते. ती चालू ठेवायचं काम तुमचं. पाच किलोची जाड कापडी थैली, आत पिशवी, वर गाव, काढणीचा महिना, भरडल्याची तारीख. कुणाच्या वावरातली तूर तेही लिहा, त्यांची हरकत नसेल तर. आईने इथे तूर द्यावी आणि लेकीच्या दारात थैली पोचावी, असं झालं तर त्या थैलीचे चार पैसे जास्त द्यायला लेक का कू करणार नाही. तिथे तुमचे ते वरचे ३० रुपये कदाचित वसूल होतील. गावच्या किराणा दुकानात ते कधीच होणार नव्हते.

थिओडोर लेव्हिट या अभ्यासकाने १९६० मध्ये अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांबद्दल लिहिलं होतं की त्या स्वतःला रेल्वेच्या धंद्यातल्या समजत राहिल्या, वाहतुकीच्या धंद्यातल्या नाहीत, आणि गिऱ्हाईक मोटार-ट्रक-विमानांकडे गेलं. मला तुमचं पत्र वाचताना ते आठवलं. तुम्ही स्वतःला पाकिटवाले समजताय. गावातल्या बाया तुम्हाला त्यांच्या वर्षाच्या डाळीची सोय करणारा माणूस समजतात.

रोजमजुरीवाल्या घरांना विसरू नका. भरडताना तुकडा डाळ निघतेच. घराघराची ज्याची त्याला द्यायची, पण तुमच्या स्वतःच्या तुरीची जी निघेल ती चाळून, पाखडून, लोगोविना, कमी भावात पावशेर-अर्धा किलोत द्या. लवकर शिजते, गॅस नि सरपण वाचतं. पूर्वी शॅम्पू फक्त बाटलीत मिळायचा तेव्हा खेड्यात तो कुणी घेत नसे. रोजच्या मजुरीत बसेल अशी छोटी पुडी आली तेव्हा तो घरोघर गेला. छोटं पाकीट वाईट नसतं, तुमचं छोटं पाकीट भलत्या भावाला होतं एवढंच.

पाकिटांवरून आठवलं. घरातली ३४० पाकिटं आज उघडून कीड तपासा. आणि प्रमाणपत्र नसेल तर 'ऑरगॅनिक' हा शब्द त्यावरून काढा. सेंद्रिय म्हणून अन्न विकायचे नियम आहेत, आणि नियम बाजूला ठेवला तरी तुरीवर फवारा मारलेला गावाने पाहिलेला असतो. एका शब्दापायी बाकीच्या खऱ्या शब्दांवरचा विश्वास जातो. अन्नसुरक्षेची नोंदणी, निव्वळ वजन, तारीख, कमाल किंमत, तुमचा पत्ता हे सगळं लेबलवर असू द्या. डाळ चांगली असेल तर तीच दहा घरांना पहिल्या खेपेला अर्धा किलो चव बघायला द्या, बाकीची दुकानाच्या भावात काढून मोकळे व्हा. तेवढा तोटा सोसा.

मिल विकायचं म्हणाल तर आत्ता नको. हप्ता थकला नसेल तर एक पूर्ण हंगाम द्या, आणि आजच वहीत लिहून ठेवा की मे संपेपर्यंत अमुक क्विंटल तूर आली नाही तर विकायची. आकडा तुम्हीच ठरवा, पण आधी ठरवा. हंगाम सुरू झाला की माणूस आकडा खाली खाली आणत जातो. हरभऱ्याची आणि मुगाची डाळ याच मिलवर काढता येईल का, तेही पाहा. यंत्राबद्दल किंवा तेल-पाण्याच्या प्रमाणाबद्दल शंका असेल तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा. मिनी डाळ मिलवर त्यांनीच मोठं काम केलंय.

मला याच तऱ्हेची आणखी पत्रं येतात. कुणी वायगावच्या हळदीची पूड करतंय, कुणी भिवापुरी मिरचीची, कुणी फवारणीचा ड्रोन घेऊन भाड्याने द्यायच्या बेतात आहे. हळद-मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, नाव मोठं आहे, पण विकत घेणारी बाई वर्षाची हळद एकदम घेते की महिन्याची, अख्खी घेऊन स्वतः दळते की पूड घेते, हे तिच्या फळीवरचे डबे पाहिल्याशिवाय कळणार नाही. ड्रोनवाल्या भाऊंनी आधी पाठीवरचा पंप घेऊन चार दिवस दुसऱ्याच्या वावरात फवारणी करावी. शेतकऱ्याला पैसे वाचवायचे आहेत, वेळ वाचवायचा आहे, की विषबाधेची भीती टाळायची आहे, हे तिथे कळेल. त्यावर भाडं आणि बोलणं दोन्ही ठरेल.

आणि भाऊ, एक घरातलं. काट्यापाशी वहिनी उभ्या राहणार, दहा घरी त्या जाणार, वही त्या लिहिणार, तर त्यांचा हिस्सा आधी ठरवा. किलोमागे काय, महिन्याला काय, ते आईंसमोर बसून बोला आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नवी तूर घरात यायच्या आत हे होऊ द्या.